जेवायचा हात

पेशंट अजून औरादच्या बसमध्ये होता. बस संतपूरला तरी पोचली होती की नाही देव जाणे. आणि इकडे बिदरला मी त्याच्या ऑपरेशनात रक्त टिपायला वापरलेले गॉजचे तुकडे मोजून 'संख्या बरोबर' अशी खूण करून मोकळी झाले होते. सकाळचे नऊ वाजले होते. भूल नाही, चीर नाही, माणूसच नाही, पण कागदावर सगळं यथासांग. 'रुग्णाने स्वतःचे नाव सांगितले' - खूण. 'ऑपरेशनची बाजू रुग्णाने स्वतः दाखवली' - खूण. अशा ओळीनं एकोणीस खुणा, एका दमात, चहाचा कप डाव्या हातात धरून. अक्षर मात्र सुरेख हं. एक खूण रेघेच्या बाहेर गेली नव्हती.

ही बाई तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होती. गुलबर्ग्याला नर्सिंग शिकलेली (तेव्हा गुलबर्गाच म्हणायचे), पंचवीस वर्षं ऑपरेशन थिएटरात उभी राहिलेली, आणि आपल्याला शिकवण्यासारखं जगात फार काही उरलेलं नाही अशी तिची खात्री होती. आता नातवंडांना तिची गोष्ट सांगते तेव्हा ती खिदळतात. मीही खिदळते. त्या दिवसातला मधला अर्धा तास आला की मात्र पाणी प्यायला उठते.

दवाखाना लहानसा होता. वर तीन खोल्या, खाली तपासणी, व्हरांड्यात बाकडी. पाटीवर लिहिलं होतं, 'सकाळी या, संध्याकाळी घरी'. आंतरगळ म्हणजे हर्निया, गाठी, मूळव्याध, असली कामं. दोन हजार दहा-अकराचा सुमार. खेड्यातल्या माणसाला ही पाटी फार आवडायची. पोरं पुण्याला नाहीतर हैदराबादला कामाला गेलेली, दवाखान्यात राहायचं तर डबा कोण आणणार, गुरांना पाणी कोण दाखवणार? संध्याकाळच्या बसनं घरी जाता येतं म्हटल्यावर लोक औराद, कमठाणा, पार भालकीकडूनही यायचे.

डॉक्टर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, कर्नाटकाच्या खालच्या अंगाचे, मैसूरकडचे. त्यांची कानडी इतकी मऊ की रागावले तरी लाड करतायत असं वाटायचं. मला 'अक्का' म्हणायचे. त्या दिवसाच्या चार महिने आधी ते बेंगळुरूला कसल्याशा बैठकीला गेले आणि येताना तो कागद घेऊन आले. ऑपरेशनच्या दिवशी तीनदा थांबायचं: भूल देण्याआधी, चीर देण्याआधी, आणि पेशंटला खोलीबाहेर काढण्याआधी. थांबायचं, मोठ्यानं विचारायचं, उत्तर ऐकायचं, आणि मगच खूण करायची.

"कशाला हे, डॉक्टर?" मी म्हटलं होतं. "आपण काय पोरं आहोत का?"

"अक्का, आपला पेशंट संध्याकाळी बसमध्ये बसतो," ते म्हणाले. "चूक झाली तर तीही त्याच्याबरोबर बसमध्ये बसते. मग आपण कुठं शोधायची?"

मला हे बोलणं पुस्तकी वाटलं. थिएटरात सगळ्यांनी हात बांधून उभं राहायचं, एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा, हे बघून मी त्या कागदाचं नाव ठेवलं 'मंगलाष्टक'. फक्त अक्षता नव्हत्या. आमच्याकडे ड्रेसिंगला एक मामू होते, जुने, केस पिकलेले, मला आपा म्हणणारे. त्यांनाही ते नाव आवडलं. "आपा, मंगलाष्टक हो गया क्या?" असं ते दारातून विचारायचे आणि मी आतून म्हणायचे, "झालं, झालं, नवरा नवरी घेऊन या." मंगलाष्टकात दर कडव्याला भटजी 'सावधान' म्हणतो, हे मला इतकी लग्नं जेवूनही सुचलं नव्हतं.

आता त्या बाईची दुसरी हुशारी सांगते. ती पहिलीपेक्षा थोर.

आमच्या मुलखात डावं-उजवं विचारणं हा एक धंदाच होता. कानडीत डाव्याला एड म्हणतात, आणि बोलताना ते 'येड' असं ऐकू येतं. एखाद्या औरादच्या म्हातारीला नव्या पोरीनं विचारलं, "येड?", की म्हातारी पदर खोचून उठायची: "येडी तुजी माय!" उजव्याला बल. ते विचारलं की म्हातारे दंड चाचपून म्हणायचे, "बल कुटलं बाई आता, सरलं." मामू आपल्या दखनीत विचारायचे, "सीधी तरफ क्या?" की पेशंट बिचारा सरळ ताठ झोपायचा. तेलंगणाच्या कडेची माणसं आली की तिसरेच शब्द. आणि निखळ मराठीत 'उजवी का?' असं विचारलं तरी निम्मे लोक 'व्हय' म्हणायचे आणि 'डावी का?' म्हटलं तरी 'व्हय'च म्हणायचे. दवाखान्यात मोठ्या माणसाला न्हाई कसं म्हणायचं?

तर मी यावर तोड काढली. जेवायचा हात. जगात कुठल्याही भाषेचा माणूस असो, तो जेवतो उजव्याच हातानं. 'दुखणं जेवायच्या हाताकडं का?' एवढं विचारायचं. व्हय म्हटलं की उजवी, न्हाई म्हटलं की डावी. ही युक्ती मी नव्या पोरींना शिकवायची, तीही अशा थाटात की जणू शून्याचा शोध मीच लावलाय.

त्या दिवशी दहाला ते दोघं आले. नवरा-बायको, साठीच्या आसपासचे. तो उंच, वाळका, खांद्यावर घोंगडी, उजवा हात घोंगडीच्या आत. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेलं घर; कळप आदल्या वर्षी विकून टाकला होता. पोरगा हैदराबादला स्लॅबच्या कामावर होता आणि त्यानं बापासाठी तिथंच बांधत्या इमारतीवर राखणदाराची जागा बघून ठेवली होती. राखण म्हणजे नुसतं बसणं नव्हे, मजल्यांवर पाण्याची पिंपं चढवायची. म्हणून आधी आंतरगळाचं ऑपरेशन. डॉक्टरांनी तपासताना बजावलं होतं की हा गोळा असाच ठेवून ओझं उचललं तर आतडं अडकेल, आणि अडकलं तर दवाखाना गाठायलाही वेळ मिळणार नाही.

बोलायचं काम बायकोकडे होतं. "सिस्टरबाई, म्हातारा काय बोलायचा न्हाई, तुमीच काय ते बगा."

"आधीचा कागद द्या," मी म्हटलं. त्या कागदावर डॉक्टरांनी बाजू लिहिलेली असायची.

तिनं पिशवीतून पत्र्याचा डबा काढला, उघडला आणि कपाळावर हात मारला. डब्यात धपाटी होती. "आत्ता गं बया! कागद ह्याच डब्यात हुता. सकाळी रिकामा करून धपाटी भरली म्या. उपाशी माणूस, सुटल्यावर खाईल म्हणून."

"म्हणजे कागद घरी?"

"चुलीम्होरं आसंल. न्हाईतर चुलीत."

डॉक्टर अजून आले नव्हते. त्यांचा नियम असा की पेशंटला उभं करून, खोकायला लावून, स्वतः शाईनं बाण काढायचा. आडवं झालं की हा गोळा आत पळतो आणि दोन्ही बाजू सारख्या दिसतात, म्हणून उभं करून. पण मला वेळ वाचवायचा होता. मी नवा केसपेपर केला. संमतीवर पुरुषाचा डावा अंगठा घेतात, तो घेतला, म्हणून त्याचा उजवा हात घोंगडीबाहेर यायची पाळीच आली नाही. मग मी माझा नामी प्रश्न टाकला.

"मामा, गोळा कंच्या अंगाला? जेवायच्या हाताकडं का?"

त्यानं बायकोकडे पाहिलं. ती खाली बघत डब्याचं झाकण लावत होती. मग तो म्हणाला, "व्हय."

मी लिहिलं, उजवी. मामूंना सांगितलं की केस काढा आणि उजव्या जांघेवर बाण काढा. बाण डॉक्टरनंच काढायचा असतो हे मामूंना माहीत होतं. ते दारात घुटमळले. "आपा, साब आने दो ना?"

"साब येईपर्यंत पेशंट आत पाहिजे," मी म्हटलं. "तुमच्यापेक्षा दोन पावसाळे जास्तच पाहिलेत मी." खरं तर मामू माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे होते.

आत नेताना बायको दारापर्यंत आली आणि तिनं माझा हात धरला. तिचा तळवा गार पडला होता. "बाई, एक सांगू? त्येच्या जेवायच्या हाताला तेवडी सुई खुपसू नका. सांजच्याला धपाटं मोडायचं हाय त्येला."

"मावशी, तेवढं कळतं मला," मी म्हटलं.

भुलेचे डॉक्टर बाहेरून यायचे. त्यांना बाराला दुसऱ्या दवाखान्यात जायचं होतं आणि ते दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. पाठीच्या कण्यात इंजेक्शन द्यायचं होतं. त्याआधी सलाइनची सुई. मी पेशंटच्या डाव्या हाताला पट्टा बांधला, शीर शोधली, स्पिरिटचा बोळा फिरवला.

तेव्हा तो माणूस त्या दिवसातलं पहिलं वाक्य आपण होऊन बोलला. "बाई, ह्यो नगं."

"का मामा? दुखत नाही फार."

"ह्यो जेवायचा हाय."

मला वाटलं, घाबरून त्याचं डोकं फिरलं. असं होतं. थिएटरात आल्यावर लोक बायकोचं नावही विसरतात. मी हसले. "मामा, जेवायचा तो. तिकडचा."

त्यानं हिरव्या चादरीखालून उजवा हात सावकाश बाहेर काढला. अंगठा होता आणि करंगळी होती. मधली तीन बोटं पेरापासून नव्हती. कातडी गुळगुळीत, जुनी. "कडबा कटरमदी गेली," तो म्हणाला. "लई सालं झाली." आणि चोरी उघडी पडल्यासारखा हात परत चादरीखाली घेतला.

मी पट्टा सोडला. टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले, उजव्या मनगटाजवळ शीर शोधली आणि सुई घातली. हात आपलं काम करत होते. आणि मग, सुईवर चिकटपट्टी लावताना, मला आपला सकाळचा प्रश्न ऐकू आला. जेवायच्या हाताकडं का? व्हय.

 

मी वाकून हळूच विचारलं, "मामा, गोळा कुठं येतो?"

"सांगिटलं की तुमाला," तो म्हणाला. आवाजात जरासा कंटाळा. "जेवायच्या हाताकडं."

आता यापुढं मी काय केलं असेल असं वाटतं? ओरडले? डॉक्टरांना बोलावलं? काही नाही. मी चिकटपट्टीची कडा नखानं दाबत बसले. ती आधीच नीट बसली होती. मनात एकेक विचार यायला लागला, आणि प्रत्येक विचार लबाड. हा म्हातारा गोंधळला असेल. डॉक्टर आत जाऊन बघतीलच की. आडवा आहे तोवर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, मग मला कशावरून कळणार? आणि सगळ्यात लबाड हा: कागदावर तर बरोबर आहे. 'बाजू रुग्णाने स्वतः दाखवली', पुढं खूण. ती माझीच खूण, माझ्याच अक्षरातली, आणि तीच मला धीर द्यायला लागली होती!

कारण थांबा म्हटलं की डॉक्टर कागद मागणार. कागद मागितला की एकोणीस खुणा दिसणार. चिरेच्या आधी गॉज मोजून झालेले दिसणार. पंचवीस वर्षांची अक्का. सगळ्या नव्या पोरींना शिकवणारी.

भुलेच्या डॉक्टरांनी त्याला कुशीवर वळवलं. गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी. एवढा उंच माणूस टेबलावर गोळा होऊन पडला, पाठीचे मणके एकेक मोजता यावेत असे. त्यांनी पाठीवर औषध लावायला घेतलं. मला ठाऊक होतं, एकदा ते इंजेक्शन गेलं की कमरेखालून हा माणूस दुपारपर्यंत लाकूड. मग त्याला उभं करता येणार नाही, खोकायला लावता येणार नाही, गोळा कुठल्या बाजूला उतरतो हे आज कुणालाच दिसणार नाही. उजवीकडची धड जागा उगाच कापली जाईल, आणि डावीकडचा गोळा तसाच घेऊन तो हैदराबादला पिंपं उचलायला जाईल. पाटीवर लिहिल्याप्रमाणे, संध्याकाळी घरी.

खिडकीतल्या एसीचं पाणी खाली बादलीत टपटपत होतं. मी ते थेंब मोजत होते. सात झाले, आठ झाले.

उशीर झाला म्हणून थेट हात धुवायला गेलेले डॉक्टर दार ढकलून आत आले. धुतलेले हात कोपरापासून वर धरलेले, पाणी गळतंय. नेहमीसारखं त्यांनी विचारलं, "अक्का, पहिला थांबा झाला?"

चार महिने या प्रश्नाला माझं एकच उत्तर होतं. तो शब्द दातापर्यंत आला. "झा..." मी म्हटलंसुद्धा. तेवढ्यात भुलेच्या डॉक्टरांनी सुईचं टोपण काढलं, टक् असा आवाज झाला, आणि मी ओरडले, "थांबा!"

इतक्या मोठ्यानं की व्हरांड्यातून त्याची बायको उठून उभी राहिली, असं मामूंनी मग सांगितलं.

"काय झालं?" डॉक्टर म्हणाले.

"याला उभं करा."

"अब?" भुलेचे डॉक्टर म्हणाले. त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

"आत्ताच. इंजेक्शनच्या आधी. मी बाजू नीट विचारली नाही, डॉक्टर. बाण मीच काढायला सांगितला."

मामूंनी पेशंटला आधार देऊन टेबलावरून उतरवलं. मी सलाइनची बाटली उंच धरून भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. त्या बाप्या माणसाची लाज राखायची म्हणून, आणि माझीही. भिंतीवरचा हिरवा रंग एका जागी फुगून पापुद्रा सुटला होता, तो अजून डोळ्यांपुढं आहे. मागून डॉक्टरांचा आवाज आला, "खोका, मामा." तो खोकला. "अजून जोरानं." तो परत खोकला.

थेंब पडतच होते.

डॉक्टर एकच शब्द बोलले. "एड."

कानडीत डावी. माझ्या कानांनी तो मराठीतच ऐकला.

त्यांनी उजवीकडचा बाण स्पिरिटनं पुसला आणि डावीकडे स्वतः काढला. जाता जाता पेशंटला विचारलं, "मामा, बाण भलत्या बाजूला काढला तेव्हा बोलला का नाहीत?"

तो गोंधळून म्हणाला, "मला काय ठावं, साहेब? ताप डोस्क्यात आसतोय अन् सुई कुल्ल्यावर देतासा. म्या म्हणलं, तशीच कायतरी रीत आसंल."

भुलेचे डॉक्टर हसले. मामू तोंड फिरवून हसले. डॉक्टर हसले नाहीत, म्हणून मलाही हसता आलं नाही. ते मला म्हणाले, "अक्का, कोरा कागद घ्या. पहिल्या ओळीपासून. मोठ्यानं."

मी कोरा कागद घेतला. त्या दिवशीच्या खुणा रेघेबाहेर गेल्या. "मामा, तुमचं नाव सांगा." त्यानं स्वतःचं, बापाचं, गावाचं, कुलदैवताचं, सगळं सांगितलं. "कशाचं ऑपरेशन?" "ह्या गोळ्याचं." "कुठं ते बोटानं दाखवा." त्यानं डाव्या हाताचं बोट डाव्या जांघेवर ठेवलं. मी खूण केली. एवढंच तर करायचं होतं. एक मिनिटही लागलं नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. गॉज मी दोनदा मोजले, मामूंकडून तिसऱ्यांदा मोजून घेतले. संध्याकाळी दोघं बसनं गेले. जाताना बायकोनं माझ्या हातात एक धपाटं ठेवलं. तिला आतलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, बाई एवढ्या मोठ्यानं ओरडली ती म्हाताऱ्याच्या काळजीनं.

मग डॉक्टरांनी खोलीत बोलावलं. टेबलावर सकाळचा कागद पसरलेला. त्यांनी गॉजच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही खूण कधी केली, अक्का?"

"नऊला."

"तेव्हा पेशंट कुठं होता?"

"संतपूरच्या अलीकडं असेल. बसमध्ये."

मला वाटलं, आता घरी बसा म्हणतील. मी मनात उत्तरं जुळवून ठेवली होती: गर्दी होती, तुम्ही उशिरा आलात, कागद त्यांनीच घरी विसरला.

"तुम्ही थांबा म्हणालात," ते म्हणाले. "ते मी विसरणार नाही. पण त्या दोघांना यातलं काही माहीत नाही. टाके काढायला येतील तेव्हा तुम्हीच सांगायचं. मी नाही."

"मी?"

"प्रश्न तुम्ही विचारला होता ना?"

तो आठवडा कसा गेला सांगते. मी जुन्या कागदांचा गठ्ठा काढून बसायची. चार महिन्यांचे कागद, सगळ्यांवर सुरेख खुणा. त्यातल्या कुठल्या ऐकून केलेल्या आणि कुठल्या चहा पिताना, हे आता माझं मला सांगता येईना. एकेक माणूस आठवून बघायचे. ती कमठाण्याची बाई, मानेवर गाठ होती. गाठ दिसत होती, ती बरोबरच. तो चष्मेवाला मास्तर, तो कुठल्या बाजूचा? किती जणांना मी जेवायचा हात विचारला होता? त्यातला कोण डावखुरा होता? कुणाची तक्रार आली नव्हती. पण लोक तक्रार करतात का? लोक म्हणतात, तशीच रीत असेल. फोन वाजला की मी दचकायची. घरात नवरा म्हणाला, "कामून अशी भुतासारखी बसायलीस?" मी म्हटलं, काही नाही, पित्त झालंय.

आणि सगळ्यात मोठी धास्ती टाके काढायच्या दिवसाची. सांगायचं कसं? तो पोरगा हैदराबादहून आला असेल, गावातली चार माणसं घेऊन येईल, व्हरांड्यात तमाशा होईल. बायको शिव्या देईल. तिनं माझा हात धरला होता आणि मी म्हटलं होतं, तेवढं कळतं मला.

आठव्या दिवशी दोघंच आली. तो थोडा वाकून चालत होता पण तोंडावर तरतरी होती. टाके काढले, पट्टी लावली. व्हरांड्यातल्या बाकड्यावर दोघं टेकली. मी त्यांच्यापुढं उभी राहिले. बसायला जागा होती, पण बसवेना.

"मामा, मावशी, एक सांगायचंय. त्या दिवशी मी चुकले होते. मामांची भलती बाजू कापली गेली असती. मी विचारलं जेवायचा हात, आणि मीच धरून चालले की तो उजवा. मी हात बघितला नाही. नुसतं लिहून टाकलं. आणि कागदावर खोटं लिहिलं की मामांनी स्वतः दाखवलं."

बायको माझ्याकडे बघत राहिली. तो मांडीवरच्या घोंगडीकडे बघत होता.

"मंग?" ती म्हणाली. "कापली का?"

"नाही. पण कापली असती."

"कोण म्हणलं थांबा म्हणून? त्या दिशी वरडली ती तूच न्हवं?"

"मीच. पण उशिरा. आधी गप्प बसले होते."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मग तिनं पिशवीतून तोच पत्र्याचा डबा काढून त्याच्यापुढं उघडला. मला नंतर तिनंच सांगितलं की बोटं गेल्यापासून तो पंगतीला बसत नव्हता. डाव्या हातानं जेवतो म्हणून लोक बघतात, पोरं हसतात, म्हणून लग्नातही चुलीमागं बसून खायचा. त्या दिवशी त्यानं घोंगडी बाजूला सारली, व्हरांड्यातल्या साऱ्या लोकांसमोर डाव्या हातानं धपाटं मोडलं आणि खायला लागला. माझ्याकडे न बघता.

तो खात असताना मी उभीच होते. कुणी माफ केलं म्हणेना, कुणी शिव्याही देईना. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "इथून पुढं नीट विचारीन, मावशी."

तिनं डब्याचं झाकण मांडीवर ठेवलं आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाली, "इचारू नगंस, बाई. पुढच्या बारीला ताट वाढ, अन् कंचा हात येतोय ते बगत बस."